दोन मॅचवरून ठरवलेला क्वार्टरबॅक: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुलाचं नाव आणि त्याच्या कॉलेजचं नाव मी मुद्दाम टाकत नाहीये. जे अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघतात ते थोडं वाचल्यावर ओळखतीलच आणि ओळखलं तरी काही बिघडत नाही, कारण यातलं सगळं मैदानावर लाखो लोकांसमोर घडलेलं आहे. पण नाव आलं की माणसं आधी मत बनवतात आणि मग वाचतात, आणि या मुलाच्या बाबतीत पाच वर्षं नेमकं तेच झालं. म्हणून आपण त्याला नुसतं क्यूबी (क्वार्टरबॅकचं छोटं रूप) म्हणू.

मी शार्लटला राहतो, नॉर्थ कॅरोलायनात. या कहाणीतल्या दोन महत्त्वाच्या मॅचेस माझ्याच गावच्या स्टेडियममध्ये झाल्या आणि दोन्ही वेळा मी वरच्या स्टँडमध्ये बसलेलो होतो, त्यामुळे हे प्रकरण डोक्यातून जातच नाही.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक प्ले ज्याच्या हातातून सुरू होतो तो. बॉल हातात आल्यावर साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात समोरून सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असतात आणि याला बघायचं असतं की पहिला रिसिव्हर (बॉल पकडणारा) मोकळा आहे का, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा, आणि मग फेकायचं. बॉल लांब फेकता येणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे असं म्हटलं तरी चालेल, पण शाळेत असताना सगळे बघतात तीच.

क्यूबीचा हात म्हणजे तोफ होती. दक्षिण कॅलिफोर्नियातली फुटबॉलसाठी नावाजलेली शाळा, सहा फूट चारच्या वर उंची, अंगाने दणकट, बेसबॉलमध्येही पिचर. २०१९ मध्ये त्याच्या शाळेने मेटर डाय या तगड्या शाळेला फायनलमध्ये ३९-३४ ने हरवलं, तेही मोठ्या पिछाडीवरून. मेटर डायचा क्वार्टरबॅक होता ब्राइस यंग, त्याचा उल्लेख पुढे परत येईल. २०२० च्या बॅचमध्ये हे दोघं देशातले सगळ्यात वरचे क्वार्टरबॅक मानले जात होते आणि दोघंही फाइव्ह स्टार, म्हणजे शाळकरी खेळाडूंना मिळणारं सगळ्यात वरचं रेटिंग. एका मोठ्या रेटिंग साइटवर वर्षाला साधारण ३२ मुलांनाच फाइव्ह स्टार देतात, कारण एनएफएल या प्रोफेशनल लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये ३२ निवडी असतात. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोराला स्टार देतानाच सांगून टाकतात की हा पुढे पहिल्या राउंडमध्ये जाणार. हे ओझं त्याने मागितलेलं नव्हतं.

क्यूबी गेला दक्षिणेतल्या एका बलाढ्य कॉलेजात. त्या कॉलेजने २०१५ ते २०२० सलग सहा वर्षं आपली कॉन्फरन्स (कॉलेजांचा गट) जिंकली होती आणि सहाही वर्षं देशाचा विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफला गेलं होतं. तिथे तेव्हा क्वार्टरबॅक होता ट्रेव्हर लॉरेन्स. एक वर्ष त्याच्या मागे शिकायचं आणि मग टीम हातात घ्यायची असा सरळ प्लॅन होता.

ते दोन शनिवार

२०२० च्या ऑक्टोबर अखेरीला लॉरेन्सला कोविड झाला आणि एकोणीस वर्षांच्या क्यूबीला अचानक उतरावं लागलं. पहिली मॅच बॉस्टन कॉलेजविरुद्ध. टीम हाफटाइमला मोठ्या फरकाने मागे होती आणि शेवटी ३४-२८ जिंकली. पुढच्या शनिवारी, ७ नोव्हेंबरला, नोटर डेमच्या घरच्या मैदानावर. मॅच डबल ओव्हरटाइममध्ये ४७-४० ने हरले पण क्यूबीने ४३९ यार्ड फेकले, आणि त्या मैदानावर पाहुण्या टीमच्या कोणत्याच क्वार्टरबॅकने तोवर इतके फेकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा, लॉरेन्स गेला तरी काही अडणार नाही. मीही तेच म्हणत होतो, ऑफिसमधल्या प्रत्येकाला सांगत होतो.

आता मागे वळून बघितलं की मला त्या ४३९ यार्डांमध्ये दुसरंच काही दिसतं. त्यातले जवळपास ३०० यार्ड दोनच रिसिव्हरचे होते, कॉर्नेल पॉवेल आणि अमारी रॉजर्स, दोघंही सिनियर. त्यांच्या बाजूला ट्रॅव्हिस एटिएनसारखा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), ज्याच्याकडे डिफेन्सला सारखं लक्ष ठेवावं लागायचं. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला तेव्हा लॉरेन्स पहिल्या नंबरवर गेला, एटिएन पहिल्याच राउंडमध्ये, क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधला डाव्या टॅकलवरचा कार्मन दुसऱ्या राउंडमध्ये, रॉजर्स तिसऱ्या आणि पॉवेल पाचव्या राउंडमध्ये. म्हणजे ज्या घरात क्यूबीने दोन आठवडे झकास संसार केला त्या घराचे खांबच निघून गेले, आणि सगळ्यांनी धरून चाललं की घर तसंच उभं आहे.

अडचण

४ सप्टेंबर २०२१, शार्लट, समोर जॉर्जिया. सीझनची पहिलीच मॅच, रात्रीची वेळ, अर्धं स्टेडियम लाल आणि अर्धं केशरी. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मोकळीक मिळाली होती आणि क्यूबी देशभर चालणाऱ्या एका कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत झळकत होता. म्हणजे कॉलेजमध्ये नेहमीचा स्टार्टर म्हणून एकही सीझन सुरू व्हायच्या आधी मुलाचा चेहरा घराघरात.

दुसऱ्या क्वार्टरमधला तो एक प्ले मी विसरू शकत नाही. क्यूबीने बॉल घेतला, एका रिसिव्हरकडे नजर लावली, आणि ती नजर हललीच नाही. वरून बसलेल्या आम्हाला दिसत होतं की जॉर्जियाचा सेफ्टी (डिफेन्समध्ये मागे उभा राहणारा) त्याचे डोळे वाचतोय. बॉल सुटायच्या आधीच तो पुढे धावला, रिसिव्हरच्या समोरून बॉल उचलला आणि ७४ यार्ड पळत शेवटच्या रेषेपार जाऊन टचडाउन केला. माझ्या बाजूला बसलेले एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर कॉलेजची टोपी, नुसते खाली बसले आणि मॅच संपेपर्यंत परत उभे राहिले नाहीत. अख्ख्या मॅचमध्ये दोन्ही टीमच्या ऑफेन्सकडून मिळून एकही टचडाउन झाला नाही. स्कोअर १०-३.

बातम्यांमध्ये आलं की क्यूबी फेल. पण त्याच रात्रीचे बाकीचे आकडे बघा, क्यूबीला सात वेळा बॉलसकट पाडलं आणि टीमने पळून काढलेले एकूण यार्ड होते दोन. दोनशे नव्हे, दोन. समोरची लाइन रोज तुम्हाला आडवं करत असेल आणि रनिंग गेम नसेल तर कुठल्याही विशीतल्या पोराची नजर एका जागी चिकटते, कारण दुसरीकडे बघायला वेळच नसतो, आणि एकदा ती सवय लागली की वेळ असतानाही जात नाही.

त्या सीझनमध्ये क्यूबीचे ९ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले थ्रो), पूर्ण झालेले थ्रो ५६ टक्क्यांच्याही खाली. टीमचा ऑफेन्स आदल्या वर्षी मॅचमागे ४३.५ पॉइंट करत होता तो २६.३ वर आला. डिफेन्स भक्कम होता म्हणून १० मॅच जिंकल्या, नाहीतर अवघड होतं. नोव्हेंबरमध्ये गुडघ्याला लागलं तरी तो खेळत राहिला. आणि त्याच सीझनमध्ये अलाबामाकडून खेळणाऱ्या ब्राइस यंगला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, मिळाली. शाळेच्या फायनलमध्ये ज्याला हरवलं होतं तोच. तुलना करू नका असं कितीही म्हटलं तरी लोक करणारच, रोज करत होते.

समोर कोणते पर्याय होते

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथेच आहे.

पहिली निर्णयाची जागा म्हणजे एप्रिल २०२१. स्प्रिंग गेममध्ये (आपापसातल्या सरावाच्या मॅचमध्ये) बॅकअप क्वार्टरबॅकची अकिलीसची, म्हणजे टाचेमागची, शीर तुटली. त्याच महिन्यात एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेने नियम बदलला होता, खेळाडू एकदा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो, आधीसारखं वर्षभर बसावं लागत नाही. म्हणजे एखादा चोवीस वर्षांचा, दोन-तीन सीझन खेळलेला क्वार्टरबॅक आणणं तेव्हा पूर्वीपेक्षा सोपं झालं होतं. क्यूबीची जागा घ्यायला नव्हे, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला. पण तिथले हेड कोच ट्रान्सफर पोर्टलच्या (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीच्या) बाजूचे नव्हते, आपण शाळेतून मुलं घ्यायची, घडवायची आणि आपल्यावर विश्वास ठेवलेल्या मुलांना डावलायचं नाही अशी त्यांची ठाम भूमिका. माणूस म्हणून मला ती आवडते, खरंच आवडते. पण त्या वर्षी तिच्यामुळे क्यूबीला ना स्पर्धा मिळाली ना आडोसा.

दुसरी जागा ऑक्टोबर २०२१, पिट्सबर्गची मॅच. क्यूबीने आणखी एक इंटरसेप्शन दिलं, त्याचाही थेट टचडाउन झाला, मग त्याला बसवलं, थोड्या वेळाने परत उतरवलं. मॅच २७-१७ हरले. त्या वेळी दोनच रस्ते होते, एकतर दोन-तीन आठवडे शांतपणे बाहेर ठेवून पायांची हालचाल आणि नजर यांवर काम करायचं, नाहीतर सरळ सांगायचं की सीझनभर तूच खेळणार. झालं तिसरंच.

तिसरी जागा डिसेंबर २०२१. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्स चालवणारे कोच) व्हर्जिनियाला हेड कोच म्हणून गेले. ऑफेन्स एवढा घसरलेला असताना बाहेरून नवी नजर आणायची की आतल्याच माणसाला बढती द्यायची? आतल्या क्वार्टरबॅक कोचला बढती दिली. सातत्य राहतं हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, पण बिघडलेल्या गोष्टीचं सातत्य राखून काय मिळणार होतं हे मला आजही कळत नाही.

आणि चौथी जागा खुद्द क्यूबीची. त्या डिसेंबरमध्ये तो निघून जाऊ शकत होता, बिना शिक्षेचा ट्रान्सफर हातात होता. तो थांबला. त्याबद्दल त्याला फार कमी लोकांनी मान दिला.

काय केलं गेलं

क्यूबीने स्वतःच्या हातात होतं ते केलं. २०२२ च्या आधी बरंच वजन उतरवलं, पाय हलके झाले आणि पहिल्या सात-आठ मॅचेसमध्ये फरक स्पष्ट दिसला. वेक फॉरेस्टविरुद्ध डबल ओव्हरटाइममध्ये ५१-४५ जिंकले त्या दिवशी त्याने ५ टचडाउन फेकले. मी तो दिवस घरी टीव्हीवर बघितला आणि मनापासून वाटलं, आलं पोरगं रांगेत.

पण कॉलेजने त्याच वर्षी टेक्सासमधून आणखी एक फाइव्ह स्टार क्वार्टरबॅक आणला होता. शाळेतून नवीन मुलगा आणणं चुकीचं नाही, ते दर वर्षी चालतंच. चूक झाली ती दोघांना वापरण्यात. सिराक्यूजविरुद्ध क्यूबीच्या चुका झाल्या, त्याला बसवलं, नवीन मुलगा आला आणि मॅच २७-२१ जिंकली. पुढच्या मॅचला परत क्यूबी स्टार्टर. नोटर डेमविरुद्ध क्यूबीला पुन्हा काढलं, नवीन मुलाचा पहिलाच थ्रो इंटरसेप्ट झाला, की लगेच क्यूबी परत मैदानावर. ३५-१४ हरले. मग साउथ कॅरोलायनाविरुद्ध घरच्या मैदानावर क्यूबीचे २९ पैकी ८ थ्रो पूर्ण, ३१-३० हार, आणि घरच्या मैदानावर सलग ४० मॅच जिंकल्याचा सिलसिला तुटला.

विचार करा, एक चूक झाली की साइडलाइनवरून कोणीतरी हेल्मेट घालतंय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत असेल तर तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या रिसिव्हरकडे निवांत बघाल का? मी ज्यांना मॅनेजर म्हणून सांभाळतो त्यांच्यातल्या नवख्या पोरांसोबत मी असंच एकदा केलं होतं, काम द्यायचं आणि अर्ध्यात काढून घ्यायचं, आणि त्यांच्या कामाची काय अवस्था झाली ते मला माहीत आहे.

३ डिसेंबर २०२२, परत शार्लट, परत तेच स्टेडियम, कॉन्फरन्सची फायनल. क्यूबीला पहिले दोन ड्राइव्ह (बॉल हातात आल्यावर पुढे नेण्याच्या संधी) मिळाले, काही झालं नाही. तिसऱ्या ड्राइव्हला नवीन मुलगा आला आणि थेट टचडाउन. त्याने पुढे २४ पैकी २० थ्रो पूर्ण केले आणि टीम ३९-१० जिंकली. आजूबाजूचे लोक नाचत होते. मी दुर्बीण घेऊन गेलो होतो, साइडलाइनकडे लावली, आणि पंधरा महिन्यांपूर्वी याच मैदानावर ज्याच्याकडे ७० हजार लोक बघत होते त्याच्याकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं. दोन दिवसांनी ट्रान्सफर विंडो उघडली आणि त्याचं नाव पोर्टलमध्ये.

निकाल

२०२३ मध्ये तो ओरेगन स्टेटला गेला. तिथे रनिंग गेम चांगला, लाइन अनुभवी, अपेक्षा माफक. २१ टचडाउन, ७ इंटरसेप्शन, रेग्युलर सीझनमध्ये टीमच्या ८ विजय आणि ४ हारी. हाइझमन वगैरे नाही, पण एक व्यवस्थित, भरवशाचा कॉलेज क्वार्टरबॅक. मग हेड कोच मिशिगन स्टेटला गेले, कॉन्फरन्समधल्या १२ पैकी १० टीम बाहेर पडल्या, आणि क्यूबीलाही निघावं लागलं.

२०२४ ला फ्लोरिडा स्टेट. सीझनआधीच्या यादीत टीम दहाव्या नंबरवर. डब्लिनला पहिलीच मॅच जॉर्जिया टेककडून २४-२१ हरले, पाच मॅचेसमध्ये एक विजय, ४ टचडाउन आणि ६ इंटरसेप्शन, मग हाताला दुखापत आणि सीझन संपला. टीम शेवटी २-१०. एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सातही राउंडमध्ये त्याचं नाव आलं नाही, नंतर लॉस एंजेलिस चार्जर्सने अनड्राफ्टेड म्हणून घेतला.

जुन्या कॉलेजचं काय झालं तेही बघायला हवं, नाहीतर प्रकरण अर्धवट राहतं. क्यूबी गेल्यावर टीम ऑरेंज बोल ही सीझनअखेरची मॅच टेनेसीकडून ३१-१४ हरली आणि जानेवारी २०२३ मध्ये कोऑर्डिनेटरला काढून बाहेरून टीसीयू या कॉलेजचे गॅरेट रायली आणले. म्हणजे जो निर्णय क्यूबी असताना घ्यायला हवा होता तो तो गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत घेतला. नवीन मुलाचाही पहिला पूर्ण सीझन चाचपडतच गेला, टीमने चार मॅच हरल्या, पण त्याला कोणी मध्येच काढलं नाही. २०२४ मध्ये त्याने ३६ टचडाउन फेकले आणि कॉन्फरन्स जिंकली. आणि २०२५ मध्ये देशात चौथ्या नंबरवरून सुरुवात करून त्याच टीमने पहिल्या चारपैकी तीन मॅच हरल्या, त्याच मुलाच्या हातात बॉल असताना. आता सांगा, दोष सगळा क्यूबीचा होता का?

त्याचा काहीच दोष नव्हता असंही मी म्हणणार नाही. नजर एका जागी अडकायची सवय ओरेगनमध्येही पूर्ण गेली नाही, अचूकता तिथेही ५७ टक्क्यांच्या आसपासच राहिली. लॉरेन्ससारखा तो कधीच झाला नसता असं मला वाटतं. पण लॉरेन्ससारखा नसणं आणि फुकट जाणं यात खूप अंतर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कोचसाठी सगळ्यात आधी एप्रिल २०२१ चा अनुभवी बॅकअप. २०२२ ला त्यांनी जवळपास तेच केलं, त्यांच्याकडूनच आधी निघून गेलेला जुना फाइव्ह स्टार क्वार्टरबॅक परत आणला, म्हणजे कल्पना मान्य नव्हती असं नाही, एक वर्ष उशीर झाला. दुसरं, डिसेंबर २०२१ मध्ये कोऑर्डिनेटर बाहेरून. आणि २०२२ मध्ये कोणाला खेळवायचं ते सप्टेंबरमध्ये ठरवून निदान सहा मॅच त्यावर ठाम राहणं. क्यूबीला बसवायचंच होतं तर सिराक्यूजनंतर बसवून टाकायला हवं होतं, चिडला असता, रडला असता, पण दर आठवड्याला नव्याने परीक्षा दिली नसती.

जाहिरातींबद्दल लोक फार बोलतात, पैशाने डोकं फिरलं वगैरे. मला त्यात तथ्य दिसत नाही. वजन उतरवून, दुखऱ्या गुडघ्याने, हक्क असताना न पळून जाता खेळलेल्या मुलाचं डोकं फिरलेलं नसतं. जाहिरातीने एवढंच झालं की हारल्यावर लपायला जागा उरली नाही.

क्यूबीच्या बाजूने मला एकच गोष्ट राहून राहून वाटते, ती फ्लोरिडा स्टेटची. ती टीम आदल्या वर्षी शेवटच्या मॅचपर्यंत १३-० होती, नाव मोठं, पैसा मोठा. पण २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचे १० खेळाडू गेले होते, क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि दोन मोठे रिसिव्हर धरून. २०२१ मध्ये त्याच्या पहिल्या कॉलेजात जे झालं ते जसंच्या तसं, फक्त आता तो तेवीस वर्षांचा होता आणि दुसऱ्यांदा त्याच रिकाम्या घरात राहायला जात होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या जवळच्या कोणीतरी एक कागद घेऊन बसायला हवं होतं, एका बाजूला मागच्या सीझनला बॉल पकडणाऱ्यांची आणि त्याला वाचवणाऱ्यांची नावं, दुसऱ्या बाजूला त्यातले ऑगस्टमध्ये कोण कोण असणार ते.